‘कन्फॉर्म’ होणे म्हणजे काय?

तलासरीकडील एका उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. ते लिहितात की, रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर मंडळीत बोलावयाचे होते, म्हणून त्यांनी मराठी शास्त्राशेजारी आपल्या मुलाचे इंग्रजी शास्त्र उघडून ठेविले. दुसऱ्या वचनात त्यांस ‘कन्फॉर्म’ असा शब्द आढळला. मुलास विचारिता तो म्हणाला, “बाबा, हा तर रेल्वेच्या तिकिटाचा शब्द. तिकीट पक्के झाले म्हणजे कन्फर्म.” तेव्हा जगाबरोबर पक्के होऊ नका, असे पौलाचे म्हणणे आहे की काय, असा उपदेशकांस प्रश्न पडला. पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, त्यांनी आणखी एक गोष्ट विचारिली आहे. येत्या वैशाखात त्यांच्या पाड्यावर एका ख्रिस्ती मुलीचे लग्न आहे, आणि मुलीच्या आजीला घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा आहे. लिहू द्यावा की नाही?

आमच्या मते हे दोन प्रश्न नसून एकच आहे. म्हणून उत्तर खाजगी न धाडता येथे लिहितो.

प्रथम शब्दाचे पाहू. तिकिटावरचा शब्द ‘कन्फर्म’ हा निराळा. त्याच्या पोटात लॅटिन भाषेतील ‘फर्मुस’, म्हणजे घट्ट, दृढ, हा शब्द आहे. आपल्या मंडळ्यांतील दृढीकरणाच्या विधीचे इंग्रजी नाव त्याच मुळातून आले. पौलाच्या वचनातला शब्द ‘कन्फॉर्म’. त्याच्या पोटात ‘फॉर्मा’ आहे. फॉर्मा म्हणजे आकार, आणि ज्याने आकार देतात तो साचाही. चांभार ज्या लाकडी ठोकळ्यावर जोडा चढवितो, त्यासही रोमी लोक फॉर्मा म्हणत. पुढे ‘कोन’ लागला, त्याचा अर्थ ‘सह’ अथवा ‘बरोबर’. तेव्हा कन्फॉर्म होणे म्हणजे दुसऱ्याच्या साच्यात बसणे, त्याच्या आकाराचे होणे. दोन्ही शब्द कानाला जुळ्या भावांसारखे लागतात खरे, पण त्यांची कुळे भिन्न आहेत. उपदेशकांच्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजी शाळांत शिकलेली मोठमोठी माणसेही येथे अडखळतात.

साचा म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीच्या वाचकांस समजावून सांगावे लागत नाही. दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेथे मळलेल्या मातीचा गोळा साच्यात आपटतात, वरची माती हाताने निपटून काढितात, साचा उपडा करितात, की वीट तयार. साच्याच्या तळाशी मालकाच्या नावाची अक्षरे कोरलेली असतात. ती प्रत्येक विटेच्या पाठीवर उमटतात. माती कोणत्या शेतातली होती, हे मग विटेकडे पाहून कोणास सांगता येत नाही. मालक कोण, एवढे मात्र वाचता येते.

आता हा शब्द शास्त्रात कसा आला ते पाहू. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते इ. स. ५७च्या सुमारास, ग्रीक भाषेत. बाराव्या अध्यायात त्याने जो शब्द योजिला त्याच्या मुळाशी ‘स्खेमा’ आहे. स्खेमा म्हणजे बाहेरची ठेवण, ढब, पवित्रा. आज आहे, उद्या बदलेल असे रूप. नाटकातला सोंगाड्या धारण करितो तसे. पण त्याच वचनात, आपले रूपांतर होऊ द्या, असे सांगताना तो ‘मॉर्फे’ ह्या दुसऱ्या मुळापासून झालेला शब्द घेतो. मॉर्फे म्हणजे वस्तूच्या स्वभावातून उमलणारे रूप. बियाणात असते आणि रोपात दिसते ते. ह्या दोन शब्दांतला भेद सर्वत्र इतका रेखीव नसतो, असे काही विद्वानांचे मत आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. तरी एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ह्याच पत्राच्या आठव्या अध्यायात, विश्वासणाऱ्यांनी पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हावे, असे पौल म्हणतो. तेथे त्याने स्खेमा घेतला नाही. तेथे मॉर्फेचाच शब्द आहे.

पुढे जेरोमच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन भाषांतर चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यात दोन्ही ठिकाणी ‘फॉर्मा’पासून झालेला एकच शब्द पडला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिनवरून इंग्रजी केले. त्यांनी बाराव्या अध्यायातला तो लॅटिन शब्द जवळजवळ जसाच्या तसा उचलिला. विल्यम टिंडल ह्याने १५२६ साली मूळ ग्रीकवरून भाषांतर छापिले तेव्हा त्या जागी ‘फॅशन’ हा शब्द घातला. घडविणे, बेतणे असा त्याचा तेव्हाचा अर्थ. आज आपल्या मुलामुलींच्या तोंडी तो कोणत्या अर्थाने आहे हे सर्वांस ठाऊक आहे, आणि आम्हांस वाटते की टिंडलची निवड अगदीच वाया गेली नाही! परंतु १६११च्या राजमान्य भाषांतराने पुन्हा कन्फॉर्म आणिला, आणि दोन्ही ठिकाणी तोच ठेविला. येणेप्रमाणे इंग्रजी वाचणारा मनुष्य आठव्या अध्यायात कन्फॉर्म व्हा असे वाचतो आणि बाराव्यात कन्फॉर्म होऊ नका असे वाचतो, आणि गोंधळतो. ग्रीक वाचणारा गोंधळत नाही. पवित्रा उसना घेता येतो. रूप मात्र आतून यावे लागते.

हा शब्द नुसता पुस्तकात राहिला असता तर आम्ही इतके लिहिले नसते. इंग्लंडात तो कायद्यात शिरला. १६६२ साली तेथील पार्लमेंटाने असा कायदा केला की, प्रत्येक पाळकाने एकाच ठराविक प्रार्थनापुस्तकास पूर्ण संमती द्यावी. त्यासाठी २४ ऑगस्टपर्यंतची मुदत होती. १६६० पासून त्या दिवसापर्यंत सुमारे दोन हजार पाळकांनी आपल्या जागा गमाविल्या. त्यांस ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’, म्हणजे साच्यात न बसणारे, असे नाव पडले. जॉन बनियन हा तांबट परवान्यावाचून उपदेश करितो म्हणून १६६० पासून बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात होता. त्याचा ग्रंथ हरी केशवजी ह्यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत आणिला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकिला असेल.

डहाणूस ज्यांनी सुवार्ता आणिली, त्या ब्रदरन मंडळीचा इतिहासही असाच आहे. जर्मनीत १६४८च्या तहाने तीनच पंथांस मान्यता होती. चौथ्यास थारा नव्हता. १७०८ साली श्वार्झेनाऊ गावी आठ माणसांनी, पाच पुरुष आणि तीन स्त्रियांनी, एडर नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला. अलेक्झांडर माक ह्यास प्रथम पाण्यात कोणी बुडविले त्याचे नाव त्यांनी मुद्दाम गुप्त ठेविले, अशासाठी की त्या मनुष्याच्या नावाने पंथ निघू नये. पुढे ते लोक अमेरिकेस गेले, आणि १८९४ साली त्यांच्यातले विल्बर स्टोव्हर हे पत्नीसह हिंदुस्थानास निघाले. त्यांनी आरंभ केला वलसाड येथे; तेथून काम डहाणूकडे आले. पुढे १९७० साली ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली.

परंतु येथे एक गोष्ट लपवू नये. जगाच्या साच्यात न बसण्याचा ज्यांनी निश्चय केला, त्यांनी अमेरिकेत स्वतःसाठी दुसरा साचा केला. साधा कोट, विशिष्ट टोपी, दाढी; हा वेष नसेल तो मंडळीचा नव्हे. ह्या वेषावर त्यांच्या वार्षिक सभांत वर्षानुवर्षे वाद झाले, आणि १९११ साली कुठे असे ठरले की साधेपणा असावा, पण वेष ही सभासदत्वाची कसोटी नसावी. साचा मोडणारा मनुष्य तुकडे गोळा करून नवा साचा बांधितो, हे आम्ही त्या सज्जनांच्या निंदेसाठी लिहीत नाही. आपण त्यांचेच वंशज आहोत म्हणून लिहितो.

आपल्याकडे तर हे अधिकच झाले. रविवारी सदरा-पाटलोण घातला, पोरांची नावे शास्त्रातून ठेविली, गीतांना विलायती चाली लाविल्या, की ‘नवे मनुष्य’ झाले असे आपण मोजू लागलो. कवी नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडिले नाही. मराठी मनुष्याने मराठी राहूनच प्रभूचे व्हावे, ह्यासाठी ते झटले, आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडिला. त्यांचे सर्वच विचार सर्वांस पटले असे नाही. पण टिळकांनी देशावर जे ओळखिले, ते आम्हांस जंगलपट्टीत ओळखावयास फार उशीर लागला. तो कसा, ते आता सांगतो; सांगताना आम्हांस संकोच होतो.

दीक्षा होऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मंडळीतील एका मुलीचे लग्न ठरले. मुलीची आजी बाप्तिस्मा घेतलेली नव्हती. तिने चौकासाठी तांदूळ भिजवून वाटून ठेविले, बांबूची काडी चावून तिची कुंची केली, कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरू दिला. मुलीचा बाप आम्हांस विचारावयास आला. आम्ही म्हणालो, चालणार नाही. चौकात पालघाट देवी असते, आणि ख्रिस्ती घरात ती असू नये. धवलेरीने गावयाची नाही, तारपा वाजवावयाचा नाही, ताडी नाही. त्याने ऐकून घेतले. आजीने वाटलेले पीठ कोंबड्यांस घातले आणि लग्नाच्या दिवशी ती मांडवाबाहेर आंब्याखाली बसून राहिली. आम्ही तिला आत येण्यास सांगितले. ती म्हणाली, “आत माझे काही नाही.”

लग्न झाले ते असे. तारप्याच्या जागी डीजे आला. कर्णे बैलगाडीच्या उंचीचे होते, आणि ते मध्यरात्रीपर्यंत जी गाणी ओरडत होते, त्यांतले एकही मंडळीत म्हणण्याजोगे नव्हते. इंग्रजीत छापलेल्या पत्रिका, मोठा मांडव, भाड्याची गाडी, पाहुण्यांस तीन भाज्या. डहाणूत शेजारच्यांनी तसे केले होते, म्हणून ह्यांनीही केले. आम्ही ह्यापैकी कशासही हरकत घेतली नाही, कारण ह्यात देवी नव्हती. पैसे कोठून आले, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

दिवाळीनंतर तो गृहस्थ उपासनेस दिसेनासा झाला. चौकशी करिता कळले की, लग्नासाठी त्याने एका भट्टीमालकाकडून उचल घेतली होती, आणि आता नवराबायको दोघे, धाकट्या मुलास शाळेतून काढून, ती फेडण्यास गेले आहेत. आम्ही भट्टीवर गेलो. तो साच्याशी उकिडवा बसला होता. वारली मनुष्य लहानथोरांस तूच म्हणतो. त्यात अनादर नसतो. तो हात न थांबविता म्हणाला, “तू नको म्हणालास ते मी केले नाही. तू हो म्हणालास ते हे.”

वाचकहो, ह्या उत्तराने आम्हांस जे शिकविले ते सेमिनरीत आम्ही शिकलो नव्हतो. त्या भट्टीवरून परतताना आम्हांस एक जुना शब्द आठवला, आणि तो आठवून आम्ही फार अस्वस्थ झालो. तो शब्द ‘लग्नगडी’. ह्याच डहाणू-उंबरगाव भागात पूर्वी वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून अथवा जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याचा वेठबिगार होई. त्याची बायकोही राबे. जमीनदाराने बोलाविले की फुकट वेठीस जावयाचे. हे सर्व ‘रीत’ म्हणून चाले. मार खाणारा म्हणे ही रीत, मारणारा म्हणे ही रीत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली, तेथे काही वारली गेले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले व वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांनी त्या कामी जन्म घातला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ती हकिकत आहे. पावसाळा सरल्यावर गवत कापण्याचा दर ५०० पौंडांस अडीच रुपये मिळावा, अशी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडिल्या; पाच माणसे मेली. त्या चळवळीचे पुढारी आपल्या श्रद्धेचे नव्हते, देव मानणारेही नव्हते. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या साच्यातून बाहेर पडणे कशास म्हणतात, हे पाहावयाचे तर आम्ही वाचकांस झरीकडेच बोट दाखवू. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा देशात १९७६ साली झाला. आणि आम्ही, सुवार्तेचे सेवक, एका घरास चौकापासून वाचविले आणि लग्नगडी होऊ दिले.

आमची चूक कोठे झाली? आम्ही स्खेमा पाहिला. भिंतीवरची पांढरी रेघ दिसते. भट्टीमालकाच्या वहीतली रेघ दिसत नाही. शिवाय म्हातारीची रीत जुनी आणि दुबळी होती, तिच्यावर हुकूम चालविणे सोपे होते. डीजेची रीत नवी आणि बलवान. पौल ज्यास ‘हे युग’ म्हणतो ते त्या दिवशी त्या पाड्यावर कोठे होते? आजीच्या वाटीत, की कर्ण्यांत? ज्या रिवाजाविरुद्ध बोलल्याने कोणी रागावत नाही, त्याविरुद्ध बोलून आपण जगाविरुद्ध उभे राहिलो असे मानणे, ह्यासारखा दुसरा सोपा भ्रम नाही. मराठीत ‘री ओढणे’ म्हणतात. गाणारा पुढे गातो, मागचे नुसती ‘री’ लांबवितात. आम्ही त्या लग्नात उपदेश केला पुष्कळ, पण प्रत्यक्षात री ओढिली.

कोणी म्हणेल, मग आता पाळकांनी पालघाट देवीची पूजा चालू द्यावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. जी देवता आमच्या भक्तीचा विषय नाही, तिच्यापुढे ख्रिस्ती मुलीने नमस्कार करावा असे आम्ही सांगू शकत नाही, आणि आजीसही हे समजते. ती आपल्यापेक्षा भोळी नाही. ताडीविषयीचे आमचे मतही आम्ही बदललेले नाही. तिने किती घरे बुडविली हे पाड्यावरच्या बायकांस विचारावे. परंतु चौकाच्या चौकटीत देवीभोवती जे आहे, ती झाडे, मोर, नाचणाऱ्यांची गोल रांग, भात कांडणाऱ्या बायका, ते तर ह्या लोकांचे स्वतःचे रूप आहे. ते पुसून आपण त्यांस कोणाचे रूप देणार?

आणि रीतही आपण समजतो तशी दगडाची नसते. चौक लिहिणे हे सवाष्णींचे काम, लग्नाच्या वेळचे. परंतु डहाणू तालुक्यात गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी, पुरुष असून, लग्नकार्याखेरीज, रोजच्या रोज चित्रे काढिली. मासे धरण्याचे जाळे, मुंग्या, पाऊस, जे दिसले ते काढिले. सरकारने त्यांस २०११ साली पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. त्यांनी जुना साचा मोडला, पण ते वारली राहिले, नव्हे, अधिकच वारली झाले. उलट आज हॉटेलांच्या भिंतींवर आणि कपबश्यांवर जी ‘वारली’ चित्रे छापून निघतात, त्यांत आकार सर्व बरोबर असतात, त्रिकोण नेमके असतात, आणि आत कोणी नसते. स्खेमा आणि मॉर्फे ह्यांतला भेद आम्हांस ग्रीक कोशापेक्षा गंजाडने अधिक स्पष्ट करून दिला, असे म्हटल्यास आमचे गुरुजन क्षमा करोत.

आता तलासरीच्या उपदेशक बंधूंस. आपण चौकाविषयी विचारिले. परंतु लग्नाचा खर्च कोण व कशाने करणार, हे लिहिले नाही. तर आधी मुलीच्या बापाकडे जावे, आणि उचल घेतली आहे काय ते विचारावे. घेतली नसेल तर घेऊ नये म्हणून त्याच्याजवळ बसावे, एकदा नव्हे, तीन वेळा. डीजेवाल्यास विसार दिला असेल तर तो बुडाला तरी चालेल. मंडळीतील वडिलांनी भात व डाळ आपापल्या घरून आणावी. पूर्वी पाड्यावरची लग्ने अशीच होत, प्रत्येक घरून काही येई. तारपा वाजविणारा म्हातारा जवळ असेल तर त्यास बोलवावे. त्यास पैसे थोडे लागतात आणि तो रात्री वेळेवर निजतो.

मग आजीकडे जावे. तिला सांगावे की भिंत तिची आहे. देवीच्या जागी काय असावे, हे मुलीने व आजीने मिळून ठरवावे, आणि ते ठरत असताना आपण बाहेर अंगणात थांबावे. आमच्या त्या पहिल्या आजीस आता दिसत नाही. मागच्या खेपेस गेलो तेव्हा तिने आम्हांस आत बोलाविले आणि पेज दिली. तिची नात, जिच्या लग्नात चौक झाला नाही, ती आपल्या दोन वर्षांच्या मुलीस कडेवर घेऊन उभी होती. आम्ही विचारिले, भिंत कोरी का? तिने सांगितले की तिला लिहिता येत नाही. लग्नाच्या वेळी आजीजवळ बसून मुली शिकतात, ते तिचे राहून गेले.